एका डीपीवरचे आठ पंप, कॅपॅसिटर आणि शेवटच्या खांबाचं व्होल्टेज: कामाच्या नोंदी

ठिकाण: उत्तर सोलापूर तालुका, नान्नजच्या बाजूचं शिवार. डीपी, म्हणजे लाईनचं रोहित्र, १०० केव्हीएची, तिच्यावर शेतीचे चौदा पंप. तिच्यावरून तारांच्या दोन फांद्या निघतात. एक आखूड, सहा पंपांची. दुसरी एक किलोमीटर लांब, वीस खांबांची आणि आठ पंपांची. त्यात सहा ५ एचपीचे आणि दोन साडेसात एचपीचे. या नोंदी लांब फांदीच्या आहेत. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, घरची द्राक्षबाग आणि कांदा. आमचा पंप चौदाव्या खांबावर.

४ जानेवारी २०२५

शेवटच्या खांबावरच्या तात्यांची मोटार वर्षात तिसऱ्यांदा वर काढली. वाइंडिंग काळं पडलेलं. तिन्ही वेळा रिवाइंडिंगवाल्याने एकच सांगितलं: व्होल्टेज नाही, मोटार तापते. डीपीवरची फ्यूजची तारही आठवड्याला दोनदा जाते.

संध्याकाळी आठही घरांत फिरलो. कॅपॅसिटर (गावाकडे कंडेन्सर; मोटारीच्या चुंबकाला लागणारा करंट जागेवरच देणारा डबा) एकाच्याही पंपाला नाही. दोघांकडे होता, फुगला म्हणून काढून टाकलेला. आप्पांचा सरळ सवाल होता, "साडेसात एचपीपर्यंत बिल माफ झालंय, मग कंडेन्सरवर पैसा कशापायी घालायचा?" खरंच आहे, बिलात काही दिसणार नाही. फायदा दिसलाच तर तो मोटारीत, तारेत आणि डीपीच्या फ्यूजमध्ये. ते आकड्यांत दाखवल्याशिवाय कुणी खिशात हात घालणार नाही, म्हणून आधी मोजमाप.

६ जानेवारी

या आठवड्यात दिवसा लाईट आहे. तात्यांची मोटार भरून आली होती. आठही पंप चालू करायला लावले आणि टाँग टेस्टर (वायरीभोवती धरून करंट मोजायचा मीटर), मल्टिमीटर घेऊन निघालो. तारेला आपण हात लावायचा नसतो, म्हणून प्रत्येकाच्या स्टार्टरवर मोजलं. डीपीजवळचे आकडे लाईनमनभाऊंनी घेऊन दिले.

डीपीजवळ फेज ते फेज ४०५ व्होल्ट. सातव्या खांबावर ३६५. शेवटच्या खांबावर आर-बी ३२६, आर-वाय ३१८, वाय-बी ३१९ (आर, वाय, बी ही तीन फेजची नावं). फांदीचा करंट ८२ अँपिअर, पॉवर फॅक्टर (करंटातला खऱ्या कामाचा वाटा) ०.७८. दोन्ही फांद्या धरून डीपीवर १३७ अँपिअर. १०० केव्हीएच्या रोहित्राची मर्यादा ४३३ व्होल्टला १३३ अँपिअर असते. फ्यूज उगाच जात नव्हती.

४१५ व्होल्टच्या पुरवठ्यात ६ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ३९० ते ४४०. तात्यांना ३२० मिळतंय. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, त्यामुळे जोर उरतो जेमतेम ६० टक्के. पाणी तर तेवढंच उचलायचं असतं. मग मोटार करंट जास्त ओढते आणि तापते.

वाय फेज असलेल्या दोन्ही जोड्या कमी दाखवतात हे वहीत लिहून ठेवलं. तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही. लावला असता तर महिनाभर आधी एक काम झालं असतं.

९ जानेवारी

सोलापूरला जाऊन आलो. नवी पेठेतल्या एका दुकानात "पाच एचपीच्या पंपाचे कंडेन्सर" मागितले आणि न बघता पिशवीत टाकले. घरी उघडतो तर दोन वायरींचे, मायक्रोफॅरडवाले, सिंगल फेज मोटारीचे. मागणी मीच चुकीची केली होती. गावाकडे दोन्ही वस्तूंना कंडेन्सरच म्हणतात, पण कामं निराळी. सिंगल फेजचा मोटार सुरू करायला आणि चालवायला लागतो. आपल्याला हवा थ्री फेजचा, केव्हीएआरमध्ये (मोटारीच्या चुंबकाला लागणाऱ्या, काम न करणाऱ्या रिॲक्टिव्ह पॉवरचं माप) मोजलेला, ४४० व्होल्टचा, आत डिस्चार्ज रेझिस्टर (बंद केल्यावर डबा रिकामा करणारा) असलेला.

दुसरी चक्कर, पेट्रोल आणि अर्धा दिवस गेला. आणलेलं माप असं: ५ एचपीला २ केव्हीएआर, साडेसातला ३. (३ एचपीला १ आणि १० एचपीला ४ चालतो.) दुकानदार ५ एचपीला ५ घ्या म्हणत होता, मी घेतला नाही. मोटार रिकामी फिरताना जेवढी रिॲक्टिव्ह पॉवर घेते, त्याच्या नव्वद टक्क्यांच्या वर कॅपॅसिटर जाऊ देऊ नये. मोठा लावला तर वीज गेल्यावर फिरती मोटार त्याच्या जोरावर स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि ते वाइंडिंगवर येतं.

११ जानेवारी

पहिला आमच्याच पंपाला लावला आणि चुकलो. जागा अडचणीची होती, म्हणून वायरी स्टार्टरच्या वरच्या बाजूला, येणाऱ्या तारांवर घेतल्या. मोटार बंद केली तरी टाँग टेस्टर अडीच अँपिअर दाखवत राहिला. कॅपॅसिटर लाईनवर कायमचा चढलेला. मोटार बंद असताना त्याचा उपयोग नाही, आणि पेटी बंद समजून कुणी हात घातला तर जिवावर बेतेल.

काढला. पुढचे पाच दिवस काम बंद, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला सगळं शिवार सोलापुरात. मदतीला येणारा पोरगाही नंदीध्वजांच्या मिरवणुकीत.

१८ जानेवारी

आता वायरी कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधला मोटार जोडणारा-सोडणारा स्विच) खालच्या बाजूला घेतल्या. स्टार्टर पडला की मोटारीबरोबर कॅपॅसिटरही सुटतो. शेवटच्या टोकाकडून सुरुवात केली. तात्यांच्या मोटारीला पहिला.

आप्पा बघायला आले होते. त्यांनी टेस्टर स्टार्टर आणि मोटार यांच्यामधल्या केबलला लावायला सांगितला. आधी ९.२ अँपिअर, नंतरही ९.२. "काय बी उपेग न्हाई" म्हणून ते निघाले. त्यांना थांबवून टेस्टर स्टार्टरच्या आधी, मीटरकडून येणाऱ्या वायरीला लावला. कॅपॅसिटर नसताना ९.२, असताना ८.१.

समजावून सांगायला हीच जागा सगळ्यात अवघड गेली. मोटारीला चुंबक तयार करायला जो करंट लागतो तो ती घेणारच. आधी तो डीपीपासून वीस खांब चालत यायचा, आता शेजारच्या डब्यातून येतो. मोटारीचा करंट तसाच राहतो, तारेचा कमी होतो. म्हणजे तात्यांनी कॅपॅसिटर लावला की त्यांच्यापासून डीपीपर्यंतच्या सगळ्या तारेतला भार उतरतो, वाटेतल्या सगळ्यांना फायदा. एकट्याने लावून स्वतःच्या पेटीत फारसं काही दिसत नाही. आप्पा गप्प झाले. जाताना मात्र म्हणाले, "माझ्या पंपाचा बी घिऊन ये."

२४ जानेवारी

या नोंदीतली चूक सगळ्यात महाग पडली.

तात्यांच्या स्टार्टरमध्ये मी वायरी, करंट वाढला की मोटार बंद पाडणाऱ्या ओव्हरलोड रिलेच्या खाली, मोटारीच्या टर्मिनलवर घेतल्या होत्या, कारण तिथे स्क्रू मोकळे होते. रिलेतून त्यामुळे ९.२ ऐवजी ८.१ जात होता आणि सेटिंग जुनंच, ९.५ वर. मोटार साडेदहाच्या पुढे गेली तरच रिले पडणार अशी ती स्थिती. काल बोअरमध्ये वाळू आली, पंप जड झाला, मोटार रात्रभर साडेदहा ओढत राहिली. रिले पडली नाही. सकाळी वाइंडिंग गेलेलं.

रिवाइंडिंग ५,२०० रुपये, पंप काढणं-सोडणं २,५००. निम्मे मी दिले. तात्या घेत नव्हते, त्यांच्या पोराच्या हातात ठेवले. याच महिन्यात भरलेली मोटार होती ती.

दुरुस्ती पाच मिनिटांची: कॅपॅसिटरच्या वायरी कॉन्टॅक्टरच्या खाली पण रिलेच्या वर. मग रिलेला मोटारीचा पूर्ण करंट दिसतो, सेटिंग बदलावं लागत नाही. स्टार्टरमध्ये तशी जागाच नसेल आणि रिलेच्या खाली जोडावं लागलं, तर सेटिंग नव्याने मोजून कमी करायचं. त्याच दिवशी बाकीचे सगळे स्टार्टर उघडून तपासले. आणखी एका ठिकाणी मी हेच केलं होतं.

२९ जानेवारी

आठही पंपांना कॅपॅसिटर बसले. एकूण १८ केव्हीएआर. सगळे पंप एकदम चालवून मोजलं.

फांदीचा करंट ८२ वरून ७२. पॉवर फॅक्टर ०.८९. डीपीवर १३७ ऐवजी १२७, म्हणजे मर्यादेच्या आत. आठवडाभरात फ्यूज गेलेली नाही.

शेवटच्या खांबावर आर-बी ३३५. आधी ३२६ होतं.

नऊ व्होल्ट. महिनाभराची धावपळ, आठ जणांचे पैसे, तात्यांची मोटार, आणि वाढले नऊ व्होल्ट. चेहरे उतरले सगळ्यांचे. माझाही.

३१ जानेवारी

दोन रात्री वही घेऊन बसलो. अपेक्षाच चुकीची होती.

आमची तार विझल (ॲल्युमिनियमच्या बारीक तारेचा एक प्रकार), किलोमीटरला रेझिस्टन्स सुमारे ०.९ ओहम. रिॲक्टन्स (तारेच्या चुंबकी परिणामामुळे करंटला होणारा अडथळा) ०.३५ च्या आसपास. कॅपॅसिटर फक्त रिॲक्टिव्ह करंट कमी करतो आणि त्या करंटमुळे होणारी घट मुख्यतः रिॲक्टन्समधून होते. आमच्या बारीक तारेत रिॲक्टन्सचा वाटाच लहान. ८० व्होल्टच्या घटीतले साठाहून जास्त खऱ्या पॉवरच्या करंटमुळे जातात, त्यांना कॅपॅसिटर हात लावू शकत नाही. ११ केव्हीच्या लांब, जाड लाईनवर किंवा सबस्टेशनवर कॅपॅसिटर बँक लावली की व्होल्टेज चांगलं उचललं जातं, ते तिथे रिॲक्टन्सचा वाटा मोठा असतो म्हणून. ते ऐकून मी इथे तीच आशा धरली.

दुसरी गोष्ट. कॅपॅसिटरची ताकदही व्होल्टेजच्या वर्गाने घटते. ४४० व्होल्टला २ केव्हीएआर देणारा डबा ३२५ व्होल्टला १.१ देतो. जिथे गरज सर्वांत जास्त, तिथे तो निम्मा. मोठा लावून भरपाई करावी म्हटलं तर रात्री व्होल्टेज चढल्यावर तोच मोठा ठरतो.

तरी काढायचे नाहीत, असं ठरवलं. ८२ चे ७२ झाले म्हणजे तारेतली उष्णता २३ टक्के घटली, आणि डीपी वाचली. व्होल्टेजसाठी मात्र दुसरीकडे बघायला हवं.

४ फेब्रुवारी

६ जानेवारीची नोंद परत वाचली. वाय असलेल्या दोन्ही जोड्या सात-आठ व्होल्टने कमी, आर-बी बरी. म्हणजे वाय फेजच्या तारेतच कुठेतरी घट. स्टार्टरगणिक परत मोजत गेलो. बाराव्या खांबापर्यंत तिन्ही जोड्या सारख्या, चौदाव्याला फरक. रात्री लाईट असताना तेराव्या खांबाखाली उभा राहिलो तर जंपरच्या (दोन तारा जोडणारा तुकडा) जोडावर तांबूस ठिपका दिसला.

लाईनमनभाऊ सकाळी परमिट (लाईन बंद करून काम करायची परवानगी) घेऊन चढले. जोड नुसता पीळ मारून बांधलेला, ॲल्युमिनियम पांढरं पडून भुसभुशीत झालेलं. त्यांनी तार घासून पॅरलल ग्रूव्ह क्लॅम्प घट्ट केला. अर्ध्या तासाचं काम, क्लॅम्प १८० रुपये.

शेवटच्या खांबावर तिन्ही जोड्या आता ३३५-३३६. तात्यांच्या मोटारीचे तीन फेजचे करंट आधी ९.९, ८.६, ९.२ असे वेडेवाकडे होते, ते एका रेषेत आले. व्होल्टेजमधला दीड टक्क्याचा फरक मोटारीच्या करंटमध्ये दहा-पंधरा टक्के होऊन दिसतो. तीन मोटारी जळण्यात या जोडाचा वाटा मोठा होता असं मला वाटतं. हे काम कॅपॅसिटरच्या आधी करायला हवं होतं. कुणी हे वाचून सुरू करणार असेल तर पहिल्या दिवशी तिन्ही जोड्या मोजून फरक शोधा.

११ फेब्रुवारी

ऑटो स्विच. आठपैकी सात पंपांना आहे. लाईट आली की सातही एका क्षणी उठतात. सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट घेते. सात पंपांचा मिळून चारशे अँपिअरच्या घरात जातो, व्होल्टेज इतकं बसतं की एकही नीट उठत नाही. कॅपॅसिटर आल्यावर आणखी एक धोका वाढला: लाईट पटकन जाऊन आली तर डबा रिकामा व्हायच्या आत पुन्हा जोडला जातो आणि करंटचा झटका बसतो.

"ऑटो काढा" म्हणणं सोपं आहे. रात्री दोन वाजता लाईट येते, वाटेत साप-विंचू, थंडी, विहिरीची कड. ऑटो लावणाऱ्याला नावं ठेवणं मला पटत नाही. म्हणून ऑटो ठेवून त्याच्या पुढे ऑन-डिले टायमर (लाईट आल्यावर ठरलेल्या वेळाने पंप सुरू करणारा) घालायचं ठरवलं. प्रत्येकी ४५० रुपये. डीपीजवळच्या पंपाला ६० सेकंद, मग वीस-वीस सेकंदांच्या अंतराने शेवटच्या खांबापर्यंत.

चाललं नाही. आधीचे उठले, मग सातव्या क्रमांकाला तात्यांचा कॉन्टॅक्टर थरथरायला लागला. ४१५ व्होल्टची कॉइल, आणि आधीचे पंप चालू असताना त्यांची मोटार उठू लागली की व्होल्टेज २९० च्या खाली. कॉन्टॅक्टर धरतो, सोडतो, धरतो. आवाज ऐकून पोरानं धावत जाऊन मेन पाडला. कॉन्टॅक्टच्या तीनही टिकल्या जळाल्या, ६५० रुपये.

१६ फेब्रुवारी

क्रम उलटा केला. सर्वांत शेवटचा पंप आधी, ६० सेकंदांनी, तार रिकामी असताना. त्याला तेव्हा ४०० च्या वर मिळतात, एका झटक्यात उठतो. मग एकोणिसावा खांब, असं करत डीपीजवळचा सर्वांत शेवटी. त्याला कधीही सुरू केलं तरी अडचण नाही. ६० सेकंदांत कॅपॅसिटरही बराच उतरलेला असतो. तरी पेटीत हात घालण्याआधी पाच मिनिटं थांबायचं आणि मीटरने बघायचं, हे प्रत्येक पेटीच्या दारावर रंगाने लिहिलं.

पाच रात्री झाल्या, एकही स्टार्टर थरथरला नाही.

२३ फेब्रुवारी

सगळे पंप उठतात, पण आठही चालू राहिले तर शेवटी ३३५ च. आता उरला एकच उपाय: एकाच वेळी कमी पंप. देवळात बैठक घेतली. मी चार-चार पंपांच्या दोन पाळ्या मांडल्या. आठ तासांतले चार-चार तास.

डीपीजवळचे दोघे तयार नव्हते. त्यांना ३९० च्या वर मिळतंय, त्यांनी चार तास का सोडावेत? रात्री आकडेमोड केल्यावर त्यांचं बरोबर वाटलं. त्यांचा करंट पहिल्या तीन खांबांतच संपतो, लांब तारेत जातच नाही. ते बंद ठेवून तात्यांना मिळाले असते जेमतेम पाच-सात व्होल्ट. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना तसं सांगितलं, आणि दोघांना पूर्ण आठ तास ठेवले. उरलेल्या सहांच्या तीन-तीनच्या दोन पाळ्या, दर आठवड्याला अदलाबदल. दोघांची शेततळी आहेत, त्यांनी तळ्याची भरती पहाटेच्या शेवटच्या तासांवर घेतली.

भीती सगळ्यांना एकच होती, पाणी निम्मं होईल.

२ मार्च

मोजलं. पाळीत, शेवटच्या खांबावर ३६५ व्होल्ट. तात्यांची मोटार ८.३ अँपिअर, अंगाला हात लावता येतो अशी केबल. हजार लिटरची टाकी आधी पाच मिनिटं पन्नास सेकंदांत भरायची, आता पाच मिनिटं पाच सेकंदांत.

चार तासांत आठ तासांचं पाणी येत नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. तात्यांचा पंप मात्र आधी आठातले तीन-साडेतीन तासच खरा चालायचा, बाकी वेळ पडलेला असायचा. त्यांना पाणी वाढलं. बाराव्या खांबावरच्या आप्पांना कमी झालं, त्यांच्या उसाला ते जाणवतंय. ड्रिप घातल्याशिवाय त्यांचं भागणार नाही, आणि ते त्यांना सांगायला मला जड गेलं.

३६५ म्हणजे अजून ३९० नाही. पुढे पाळीने जाणार नाही. त्यासाठी शेवटच्या पंपांच्या मधोमध छोटी डीपी हवी, म्हणजे किलोमीटरभर ४१५ ऐवजी ११ केव्ही जाईल आणि करंट पंचविसाव्या हिश्श्यावर येईल. आठ जणांच्या सह्यांचा अर्ज आणि ही मोजमापं जोडून दिलीत.

१५ मार्च

खर्च, आठ पंपांचा मिळून: कॅपॅसिटर ६,६००. टायमर सात, ३,१५०. वायर, लग, डबे १,९००. क्लॅम्प १८०. कॉन्टॅक्टर दुरुस्ती ६५०. चुकीचे आणलेले कॅपॅसिटर परत घेतले नाहीत, ९६०. तात्यांची मोटार ७,७००. माझे सतरा दिवस.

एक कॅपॅसिटर फुगला, पत्र्याच्या पेटीत उन्हाच्या बाजूला होता. बदलून लाकडी फळीवर, सावलीला लावला. दर पंधरा दिवसांनी स्टार्टरच्या आधीचा करंट मोजून वहीत लिहितो; एक-सव्वा अँपिअर वाढलेला दिसला की डबा गेला समजायचं, बाहेरून कळत नाही.

४ जानेवारीनंतर व्होल्टेजमुळे मोटार जळलेली नाही. आखूड फांदीवरच्या सहांपैकी चौघांनी कॅपॅसिटर मागितलेत. सोमवारी नवी पेठेत जाणार, या वेळी माप कागदावर लिहून.